बंदूक, भुईमूग आणि परदेशी बरणी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझ्या बहिणीची नात पुण्याहून बीडला आली. पोर सात वर्षांची. पहिल्याच सकाळीं तिच्यापुढें गरम पोळी, तिच्यावर साजूक तूप आणि शेजारीं गुळाचा खडा, असा थाट मांडला, तेव्हां तिनें ताटलीकडे पाहिलें, आजीकडे पाहिलें आणि अगदीं सरळ मनानें विचारलें, “न्युटेला कुठें आहे?” घरांतील वडील मंडळींस हें नांव नवें होतें. मग तिच्या आईनें पुण्याहून फोनवर खुलासा केला. पोळीला किंवा पावाला लावून खावयाचें तें एक काळसर, तुकतुकीत, लोण्यासारखें पसरणारें गोड मिश्रण असतें. हेझलनट नांवाच्या परदेशी दाण्याचें आणि कोकोचें. त्याची बरणी सामानांत घालावयाची राहून गेली होती, आणि मुलीला तिच्यावांचून पोळी गोड लागत नव्हती.

श्रोतेहो, इतिहासाच्या शिक्षकाचें निवृत्तीनंतरचें आयुष्य असल्या कामगिऱ्यांवरच चालतें. मी पिशवी घेऊन बाहेर पडलों. सुभाष रोडवरील तीन-चार दुकानें पाहिलीं. एका ठिकाणीं बरणी होती, पण तिची मुदत पाडव्यापूर्वींच संपली होती. दुसऱ्यानें तशाच रंगाची, तशाच झांकणाची दुसरी बरणी पुढें केली. तिच्यावरील बारीक अक्षरें चष्मा पुसून वाचलीं, तर हेझलनटचा पत्ता नव्हता, साखर आणि तेल मात्र भरपूर. तिसऱ्यानें “संभाजीनगरहून मागवून देतों, सर,” असें आश्वासन दिलें. मोबाईलवरून मागविली असती तर चार-पांच दिवसांत ती घरपोंच आली असती, हेंहि खरें. पण पोरीचा मुक्काम आठ दिवसांचा आणि भूक रोजची. रिकाम्या हातानें परत येतांना मनांत आलें, कीं बीडसारख्या गांवीं एखादी वस्तु मिळत नाहीं म्हणजे काय, आणि ती न मिळाली तर तिच्या जागीं माणसें काय आणून ठेवितात, हा विचार स्वयंपाकघरांतला असला तरी आहे इतिहासाचाच. आज त्याविषयींच बोलावयाचें आहे.

प्रथम ह्या दाण्याची ओळख करून घेऊं. हेझलनट म्हणजे सुपारीहून लहान, कठीण कवचाचें, बदामाच्या पंक्तीस बसविण्याजोगें फळ. त्याचें जगांतील सर्वांत मोठें आगर म्हणजे तुर्कस्तानचा काळ्या समुद्राकडील किनारा. ओर्दू, गिरेसून, त्राब्झोन ह्या भागांतील डोंगरउतारांवर तें पिकतें, आणि जगाच्या एकूण उत्पन्नांत निम्म्याहून पुष्कळ अधिक वांटा त्या एकट्या देशाचा असतो. आपल्याकडे हिमालयांत, चंबा जिल्ह्यांतील पांगी खोऱ्यांत, त्याच कुळांतलें एक झाड रानांत वाढतें. तेथील लोक त्याच्या फळाला थांगी म्हणतात. दक्खनच्या पठारावर मात्र तें कधींच रुजलें नाहीं. त्या झाडाला हिंवाळा चांगला कडक लागतो. आमच्या बालाघाटाच्या उन्हांत तें तग धरणार नाहीं.

दाणा आला नाहीं. पण गंमत अशी, कीं त्याचें नांव आपल्याकडे कित्येक शतकांपूर्वींच येऊन बसलें आहे. काळ्या समुद्राला ग्रीक लोक पोंतोस म्हणत, आणि तिकडून येणाऱ्या ह्या फळास त्यांनीं ‘पोंतोसचें कवचफळ’ अशा अर्थाचें नांव दिलें होतें. त्याचेंच अरबींत ‘बुंदुक’ झालें आणि फारशींत ‘फुंदुक’. पुढें धनुष्यानें मारावयाच्या मातीच्या वाटोळ्या गोळीलाहि, ती ह्या फळासारखी दिसे म्हणून, अरब लोक बुंदुकच म्हणूं लागले. दारूचीं हत्यारें आलीं तेव्हां गोळीचें नांव गोळी फेंकणाऱ्या नळीस चिकटलें, आणि तेथून तें फौजांबरोबर दक्खनेंत उतरून मराठींत ‘बंदूक’ होऊन राहिलें. म्हणजे जुन्या काळीं बीडच्या वेशीवरचा पहारेकरी खांद्यावर जें हत्यार घेऊन उभा राही, त्याचें नांव मुळांत एका खाण्याच्या दाण्याचें होतें. नातीला हें सांगितलें तेव्हां तिनें तें खरें मानलें नाहीं. आणि त्याबद्दल तिला दोष देतां येत नाहीं.

आतां बरणीकडे वळूं. ह्या मिश्रणाचें माहेर इटलीच्या वायव्येस, पिडमाँट प्रांतांत आहे. तेथील ट्युरिन शहर चॉकलेटाकरितां जुन्या काळापासून नांवाजलेलें. परंतु चॉकलेटाला लागणारा कोको युरोपांत पिकत नाहीं. तो अमेरिकेकडून समुद्रमार्गानें येई. नेपोलियननें १८०२ सालीं पिडमाँट फ्रान्सला जोडला होता, आणि २१ नोव्हेंबर १८०६ रोजीं बर्लिन येथून फर्मान काढून त्यानें युरोपचीं बंदरें इंग्रजांच्या व्यापारास बंद केलीं. इंग्रजांच्या आरमारानेंहि उलट कोंडी केली. परिणाम असा झाला, कीं कोको दुर्मिळ आणि अतोनात महाग झाला. तेव्हां ट्युरिनच्या हलवायांनीं आपल्याच टेकड्यांवर मुबलक मिळणारे हेझलनट भाजून, वाटून, थोडक्या कोकोंत मिसळले आणि कोको पुरवठ्यास आणला, अशी कथा सांगतात.

कथा गोड आहे. पण इतिहासाच्या माणसास तिच्यांत एक खडा लागतो. नेपोलियनची कोंडी १८१४ पर्यंत सुटली. उलट हें मिश्रण मुलायम वाटून नीट सिद्ध करण्याचें श्रेय मीकेले प्रोशे ह्या चॉकलेटवाल्यास १८५२ सालाकरितां देतात, आणि त्यास आज चालणारें नांव मिळालें तें १८६५ च्या सुमारास. त्या सालच्या ट्युरिनच्या उत्सवांत काफारेल ह्यांच्या पेढीच्या वड्या जांदूया नांवाच्या सोंगाड्यानें लोकांस वांटल्या, म्हणून त्या वड्यांनाहि त्याचेंच नांव पडलें. मधलीं चाळीस-पन्नास वर्षें कोठें गेलीं? मला वाटतें तें असें: टंचाईनें युक्ति शिकविली खरी, पण हातानें वाटलेला दाणा जिभेला रवाळ लागतो; यंत्राचे जाड रूळ आल्यावरच त्याचें लोणी झालें. टंचाई सरली, कोको परत आला, आणि तरीहि लोकांनीं तें मिश्रण सोडलें नाहीं, हेंच त्यांतलें लक्षांत ठेवण्यासारखें.

दुसऱ्या महायुद्धानंतर तोच प्रसंग पुन्हा आला. इटलींत कोको मिळेना, मिळाला तर परवडेना. पिडमाँटमधील आल्बा ह्या गांवीं पिएत्रो फेरेरो नांवाचा मिठाईवाला होता. त्यानें १९४६ सालीं भरपूर हेझलनट, थोडा कोको आणि साखर ह्यांची एक वडी तयार केली. ती सुरीनें कापून पावावर ठेवून खावयाची. १९५१ त ती वडी मऊ होऊन बरणींत शिरली, आणि पिएत्रोच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा मिकेले ह्यानें कृति बदलून २० एप्रिल १९६४ रोजीं तिला न्युटेला हें नांव देऊन बाजारांत आणली. नात जिच्याकरितां पोळी दूर सारते ती हीच. तेव्हां जी बरणी आज आम्हांस ‘अस्सल’ वाटते, आणि जिच्या जागीं दुसरें कांहीं ठेवावें लागलें तर आम्ही ओशाळतों, ती मुळांत स्वतःच दुसऱ्या कशाच्या तरी जागीं ठेवलेली वस्तु आहे. तिच्या शंभर भागांत हेझलनट सुमारें तेरा भाग असतो. साखर मात्र निम्म्याहून अधिक. ही साखर ध्यानांत असूं द्यावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

नाकेबंदीची ही हकीकत बीडच्या जुन्या माणसाला परकी वाटूं नये. आज ‘परदेशी माल’ म्हटलें कीं सातासमुद्रापलीकडचें कांहीं डोळ्यांपुढें येतें. पण १९४८ पर्यंत बीड हा हैदराबाद संस्थानचा जिल्हा होता, आणि पाटोद्याच्या माणसाला जामखेडचा बाजार हाच परमुलूख होता. जामखेड इंग्रजी अमलांत, पाटोदें निजामाच्या. मध्यें करोडगिरीचा नाका. इंग्रजांशीं १८०२ सालीं झालेल्या व्यापारी तहान्वयें मालावर शेंकडा पांच जकात ठरली होती, आणि ह्या जकातीच्या खात्याचेंच नांव करोडगिरी. नाणेंहि वेगळें: अलीकडे हाली शिक्का, पलीकडे कलदार, आणि शंभर कलदार घ्यावयास सुमारें एकशें सोळा हाली मोजावे लागत. म्हणजे नगरहून आणलेलें पातळ, कांचेची बांगडी किंवा बिस्किटाचा पुडा बीडच्या घरांत येई तो जकात देऊन, नाणें बदलून. १९४७-४८ सालीं तर ही हद्द आणखीच आवळली गेली. २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार झाला तरी संस्थान आणि भारत ह्यांचें जमेना. पेट्रोल, औषधें ह्यांसारख्या वस्तूंची ये-जा अडली. अखेर १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या कारवाईनें तो प्रश्न मिटला. पुढें संस्थानची वेगळी जकात गेली, हाली शिक्काहि गेला.

आणि तरी माल उशिरा येण्याची खोड ह्या गांवास लागली ती लागलीच. अहिल्यानगर-बीड-परळी लोहमार्गास १९९५ सालीं मंजुरी मिळाली, आणि बीड शहरांतून अहिल्यानगरची आगगाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. मधलीं तीस वर्षें आम्ही स्टेशनच्या नांवाचे फक्त ठराव ऐकले. परदेशी खाद्यवस्तूंपुरतें बोलावयाचें तर आणखी एक भिंत होती. शेवटच्या ७१५ वस्तूंवरील आयातीचे निर्बंध सरकारनें १ एप्रिल २००१ रोजीं उठविले. तोंपर्यंत असली बरणी दिसे ती आखातांतून सुटीवर आलेल्या एखाद्या शेजाऱ्याच्या पेटींत, अत्तराच्या बाटलीशेजारीं. आणि तिच्यांतलें चमचाभर ज्याला मिळे तो महिनाभर त्याची गोष्ट सांगे.

मिळत नाहीं म्हणून दुसरें घेतलें, आणि मग तेंच आपलें झालें, ह्याचीं उदाहरणें आमच्या स्वयंपाकघरांत इतकीं आहेत कीं तीं दिसेनाशीं झालीं आहेत. एकादशीचा साबूदाणा घ्या. खरा साबूदाणा ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या गाभ्याचा; तो मलाया-जावाकडून येत असे. दुसऱ्या महायुद्धांत तो मुलूख जपान्यांनीं घेतला, माल बंद पडला, आणि १९४३ च्या सुमारास तमिळ मुलुखांत सेलम येथें टॅपिओका नांवाच्या कंदाच्या पिठापासून तसेच गोल दाणे करण्याचा धंदा उभा राहिला. हा कंद मूळ दक्षिण अमेरिकेचा. आज आपण उपवासाला शुद्ध म्हणून जो खातों तो हाच बदली साबूदाणा. त्यांत घालावयाची मिरची अमेरिकेची, बटाटा अमेरिकेचा, आणि दाण्याचा कूट ज्याचा, तो भुईमूगहि अमेरिकेचाच. विठोबानें ह्यांपैकीं कशालाहि हरकत घेतल्याचें ऐकिवांत नाहीं.

भुईमुगापाशीं थोडें थांबावयास हवें, कारण हेझलनटच्या जागीं बीडच्या माणसाचा हात प्रथम जातो तो त्याच्याकडेच. दक्षिण अमेरिकेंतून निघालेलें हें पीक युरोपीय दर्यावर्द्यांच्या मार्फत आपल्याकडे आलें. त्याला काय म्हणावें हें कोणास ठाऊक नव्हतें. मराठी माणसानें मुगाची ओळख देऊन त्यास भुईंतला मूग केलें. गुजराथ्यांनींहि मुगावरूनच मगफळी म्हटलें. बंगाल्यांनीं त्यास बदामाच्या घराण्यांत घालून चिनाबादाम केलें. नवी वस्तु स्वीकारतांना माणूस आधीं तिला जुन्या वस्तूचें आडनांव लावतो, तें असें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यांतलें जुनें भुईमुगाचें पीक रोगानें खचलें, तेव्हां बाहेरून नव्या जातींचें बीं आणून तें सांवरावें लागलें. त्यांतल्या एका जातीचें नांव तर स्पॅनिशच होतें. म्हणजे पाहुण्यास वांचवावयासहि पाहुणाच लागला.

ह्याच भुईमुगास पुढें एक कमी प्रतिष्ठेचें काम करावें लागलें. १९३७ सालीं डालडा बाजारांत आलें. वनस्पति तूप म्हणून जें डबाबंद विकलें जाई, त्यांत त्या काळीं मुख्यतः भुईमुगाचेंच तेल गोठविलेलें असे. त्यानें हजारों गरीब घरांतला शिरा शक्य केला, हें कबूल. पण साजुकांत तें गुपचूप मिसळून विकणारे निघाले आणि ‘डालडा’ हा शब्दच खोटेपणास पर्याय झाला. मला स्वतःला ह्यांत फार मोठा फरक दिसतो. जी वस्तु आपलें नांव सांगून दुसरीच्या जागीं बसते ती बदली. जी नांव लपवून बसते ती भेसळ. ट्युरिनच्या हलवायानें दाणा घातला आणि दाणा घातला असें सांगितलें, म्हणून त्याची वडी राहिली. सुभाष रोडवरची ती दुसरी बरणी मीं परत ठेविली ती ह्याच हिशेबानें.

तर मग घरीं काय झालें तें सांगतों, कारण त्यांतूनच मला पुढली गोष्ट कळली. बहिणीनें अर्धा किलो शेंगदाणे मंद आंचेवर खमंग भाजले, चोळून फोलपटें पाखडलीं आणि मिक्सरमध्यें घातले. प्रथम कूट होतो, तो तर आपल्या रोजचा. पण तेथें न थांबतां फिरवीत राहिलें कीं कुटाचा गोळा होतो, आणि आणखी धीर धरला कीं दाणा आपलें तेल सोडतो व गोळा वितळून रबडीसारखा होतो. ह्यांत पाण्याचा थेंब जाऊं द्यावयाचा नाहीं. पाणी लागलें कीं मिश्रण आवळतें आणि टिकतहि नाहीं. पहिल्या खेपेस तिनें गूळ घातला. गुळांत ओल असते. सगळें घट्ट होऊन बसलें, आणि आम्हीं त्याचे मुकाट्यानें लाडू वळले. दुसऱ्या खेपेस पिठीसाखर आणि दोन चमचे कोको घातला. रंग आला, चकाकी आली, पोळीवर तें पसरलेंहि.

नातीनें एक घांस खाल्ला. विचार केला. म्हणाली, “आजी, हें त्याच्यासारखं नाहीं लागत.”

माझी बहीण शांतपणें म्हणाली, “मग तें तरी ह्याच्यासारखं लागतं का ग, बाळा?”

पोरीनें ह्या प्रश्नावर आणखी एक घांस खाल्ला. पण तिचें म्हणणें बरोबर होतें. हेझलनटला जो एक धुरकट, लोण्यासारखा वास असतो तो शेंगदाण्यांत नाहीं. शेंगदाणा आपलें अस्तित्व विसरूं देत नाहीं. तेव्हां बहिणीस एकाएकीं आठवण झाली ती गोडंबीची.

शहरांतल्या श्रोत्यांकरितां सांगतों. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आंतला गर. बिब्बा म्हटलें कीं आपणांस धोब्याची कपड्यावरची खूण आठवते, किंवा चांगल्या कामांत बिब्बा घालणारे लोक आठवतात. त्याच्या कवचांतलें तेल इतकें जहाल, कीं अंगाला लागलें तर बिब्बा उततो आणि कातडीस फोड येतात. पण त्याच कवचाच्या आंत बोटाच्या पेराहून लहान, पांढरा, स्निग्ध गर असतो, आणि त्याची चव बदाम व काजू ह्यांच्या मधली. बिब्बा हा काजूचा आणि आंब्याचा भाऊबंदच. काजू पोर्तुगीजांनीं ब्राझिलांतून आणला, बिब्बा आमच्या रानांत आधींपासूनच उभा होता. मराठवाड्यांत आणि वऱ्हाडांत बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत गोडंबी घालतात. बदाम ज्या घरांत पोंचत नसे त्या घरांत त्याच्या जागीं गोडंबी असे, आणि खाणाऱ्यास कांहीं कमी पडल्यासारखें वाटत नसे. चारोळीचेंहि तसेंच.

मी मोंढ्यांत गेलों. आमच्या लहानपणीं जेथें गोडंबी शेराच्या मापानें मिळे, त्या गल्लींतल्या एका जुन्या किराणा दुकानदारानें वरच्या फळीवरून एक पुडी काढली. मूठभर दाणे, पिंवळे पडलेले, वास खवट. मीं विचारलें, “ताजी नाहीं का?” ते म्हणाले, “सर, पूर्वीं डोंगराकडच्या बाया आणून द्यायच्या. आतां कोण फोडतंय? थंडीच्या दिवसांत तिकडे गांवांत असतंच कोण?”

त्या शेवटल्या वाक्यानें मी जरा चपापलों. बिब्बा पिकतो हिंवाळ्यांत. आणि बालाघाटाच्या गांवांतलीं माणसें हिंवाळ्यांत कोठें असतात हें बीड जिल्ह्यांत कोणासहि सांगावें लागत नाहीं. धारूर, वडवणी, पाटोदें, शिरूर, केज ह्या भागांतून दसरा-दिवाळी झाली कीं नवरा-बायकोचीं जोडपीं ऊसतोडीला बाहेर पडतात. जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात. हिशेब माणसांचा होत नाहीं, कोयत्यांचा होतो. मुकादमाकडून पावसाळ्यांतच उचल घेतलेली असते आणि ती फेडीपर्यंत थळ सोडतां येत नाहीं. हीं जोडपीं पश्चिम महाराष्ट्रांत जातात, कर्नाटकांत जातात, आणि गांवीं परततात तीं फाल्गुन-चैत्रांत. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट फारच रुंद झाली. मागें उरतात म्हातारीं आणि शाळेंतलीं पोरें. बिब्बे झाडावरून गळतात तेव्हां ते वेंचावयास, राख लावलेल्या हातांनीं दगडावर फोडावयास जी बाई हवी ती त्या वेळीं दोनशें किलोमीटरांवर उसाच्या फडांत असते. त्या कामांतहि तिचे हात कांहीं सुखरूप राहात नाहींत. पण तेथें मजुरी ठरलेली आहे, आणि गोडंबीला तिच्या फोडांच्या मानानें भाव कधींच मिळाला नाहीं. तेव्हां तिनें बिब्बा सोडला ह्यांत तिचें कांहीं चुकलें असें मीं म्हणणार नाहीं.

मघाशीं मीं साखर ध्यानांत ठेवावयास सांगितली होती ती ह्याकरितां. बारामतीजवळ २०११ सालापासून त्याच फेरेरो कंपनीचा कारखाना चालूं आहे; तेथें मुलांच्या आवडीचीं दुसरीं खाद्यें होतात. त्याच्या भोंवतालीं सगळा उसाचा मुलूख, आणि तो ऊस तोडणारांत बीडचीं जोडपीं पुष्कळ. त्या कारखान्यांत साखर कोणत्या फडाची जाते, ह्याच्याशीं मला कर्तव्य नाहीं. मला दिसतें तें एवढेंच, कीं गोडाच्या ज्या नव्या बाजारानें आमच्या पोरीला बरणीची संवय लाविली, त्याच गोडाच्या मागें धांवतांना आमच्या डोंगरांतला जुना गोड दाणा फोडणारा हात नाहींसा झाला. हें माझें अनुमान आहे. पण दुकानदाराच्या त्या एका प्रश्नावर दुसरें उत्तर मला सुचलेलें नाहीं.

भुईमुगाचीहि कथा फार निराळी नाहीं. मोंढ्यांतून निघतांना एका आडत्याला सहज विचारलें, आमच्या शेंगदाण्याचें गांव कोणतें? तो म्हणाला, दाणा गुजरातेचा. बीडच्या शिवारांत आतां कापूस आणि सोयाबीन. भुईमूग, तीळ, करडई, कारळें हीं बांधाकडे सरकलीं आहेत. सोयाबीनहि बाहेरूनच आलेलें, आणि त्यानें शेतकऱ्यास चार पैसे रोख दाखविले, म्हणून त्याला शिव्या देण्यांत अर्थ नाहीं. पण आमच्या बहिणीच्या पाट्याशेजारच्या डब्यांत जी चार प्रकारचीं तेलबियांचीं पुडकीं असत, त्यांतलीं तीन आतां बाजारांतून, आणि तीहि परजिल्ह्यांतून येतात. आम्ही परदेशी बरणीच्या टंचाईवर हळहळतों. तिची बदली करणारे आमचे दाणेहि त्याच यादींत जाऊन बसले आहेत, हें ती बरणी शोधावयास निघालों नसतों तर मला कळलें नसतें.

सगळेंच मावळलें आहे असें मात्र म्हणतां येत नाहीं. बालाघाटाच्या उतारावरचें सीताफळ आहे. तेंहि मूळ अमेरिकेकडचेंच, पण इतकें आमचें झालें, कीं २०१६ सालीं बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळालें. रानांत आपसुक वाढणारें झाड एका नांवानिशीं बाजारांत जाऊं शकतें, हें त्यानें दाखविलें. बिब्ब्याचीं झाडेंहि त्याच डोंगरांत अजून उभीं आहेत. पण त्यांच्याखालीं कवच फोडावयाचें एखादें साधें हातयंत्र, हातांना मोजे आणि तेथल्या तेथें ठरलेला भाव एवढें तरी हवें. सीताफळास हात पोळत नाहींत, हा दोहोंतला भेद विसरून चालणार नाहीं.

नात आठव्या दिवशीं पुण्यास परत गेली. जातांना दाण्याच्या त्या मिश्रणाची एक लहान बरणी तिनें आपल्या पिशवींत घातली. ती तिला आवडली म्हणून, कीं आजीचें मन राखावें म्हणून, हें मीं विचारलें नाहीं. दिवाळींत ती पुन्हा येणार आहे. धारूरकडील एका म्हातारबाईंची ओळख मला अलीकडेच झाली. त्यांचीं मुलें-सुना उसाला जातात, त्या स्वतः घरीं असतात आणि घरापुरते बिब्बे अजून फोडतात. दिवाळीला गोडंबी मिळणार नाहीं, झाडावर फळ धरलेलें असतें, असें त्या म्हणाल्या. माघांत या, अर्धा शेर काढून ठेवतें, पण भाव मीं सांगेन तो द्यावा लागेल. मीं होकार दिला आहे.